फितीची गाठ

"मलाच निवडलंत, बरं वाटलं," सलिल साहेब म्हणाले.

कस्तुरानं डावा हात पुढं केला आणि विद्यापीठाच्या पोरींनी तिचं मनगट साहेबांच्या उजव्या मनगटाला पिवळ्या फितीनं बांधून टाकलं. चांगली दुहेरी गाठ मारली. फीत सुटली की जोडी बाद, असा नियम होता.

एक कामगार, एक साहेब, तीन किलोमीटर. चाकणच्या कारखान्यांत पत्रा दाबायच्या प्रेसवर ज्यांची बोटं गेली, त्यांना कृत्रिम हात मिळावेत म्हणून विद्यापीठाच्या आवारात ही दौड होती. तिचं नाव ठेवलं होतं 'हातात हात'. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. कुणाबरोबर पळायचं ते कंपनीनं बायकांनाच विचारलं होतं. बाकीच्यांनी एचआरच्या, स्टोअरच्या गरीब स्वभावाच्या माणसांची नावं दिली. कस्तुरानं प्रॉडक्शनच्या सलिल साहेबांचं दिलं.

शिट्टी झाली. पहिला किलोमीटर साहेब हसत पळाले. फोटोवाला दिसला की बांधलेला हात वर करायचे, मग तिचाही वर जायचा. ग्रंथालयाच्या चढावर त्यांचं हसू संपलं. कस्तुरा रोज आंबेठाण चौकातून कंपनीपर्यंत पायी जायची, कारण कंत्राटी बाईला कंपनीच्या बसमध्ये जागा नसते. हा चढ तिच्या खिजगणतीतही नव्हता.

"जरा हळू," साहेब म्हणाले.

"टार्गेट राहिलंय, साहेब."

त्यांना गंमत वाटली. पुढं पाण्याचं टेबल आलं, तसे ते तिकडं वळायला गेले. कस्तुरानं हिसका देऊन त्यांना रस्त्यावर आणलं.

"पाणी सुट्टीत प्यायचं."

आता साहेब हसले नाहीत. वाक्य त्यांचंच होतं. स्टॉपवॉच घेऊन प्रेसमागं उभे राहायचे तेव्हा रोज म्हणायचे.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा डाय, म्हणजे लोखंडी साचा, खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. एक बटण तारेनं दाबून बांधून टाकलं की एक हात मोकळा होतो आणि माल भराभर निघतो. कस्तुराच्या प्रेसचं बटण असंच बांधलं गेलं. आठव्या दिवशी तिच्या उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली. कागदावर आलं, ऑपरेटरने इन्सेंटिव्हच्या लोभाने बटण स्वतः बांधले. कंपनीचा सुंठीवाचून खोकला गेला.

तेव्हापासून सासू चारचौघांत सांगते, हाव नडली हिला. शेजारी नवरा मान डोलावतो. बोटांचं दुःख कस्तुरानं केव्हाच गिळलं होतं. नवऱ्याची ती मान मात्र तिला गिळता येत नव्हती.

आज दोघंही आले होते. कंपनीनं घरच्यांना मिसळीची कुपनं वाटली होती.

शेवटच्या रेघेपलीकडं मालक, अर्जुनराव, पदकं घेऊन उभे होते. त्यांच्या बाजूला मोनिका नावाची विद्यार्थिनी माइक घेऊन होती. येईल त्या जोडीपुढं माइक धरायचा आणि विचारायचं, कसं वाटतंय. सकाळी तिची तालीम चालली होती तेव्हाच कस्तुरानं हे बघून ठेवलं होतं.

रेघ हातभर राहिली आणि कस्तुरा थांबली. साहेबांचा हात मागं ओढला गेला, ते पडता पडता वाचले.

"चला की. काय झालं?"

"बटण कुणी बांधलं व्हतं?"

"कस्तुराबाई, ही काय ते विचारायची जागा आहे?"

"कुणी बांधलं व्हतं?"

मागच्या जोड्या शेजारून रेघ ओलांडून जायला लागल्या. अर्जुनराव बघत होते. साहेबांनी जोर लावून ओढून पाहिलं. दोन वर्षं मनात कुढलेली बाई ती, तसूभर हलली नाही. साहेबांना श्वास पुरत नव्हता. शेवटी ते तिच्या कानाकडं वाकले आणि दातओठ खाऊन म्हणाले, "मीच बांधलं. झालं समाधान? आता पाय उचल."

मोनिकानं माइक पुढं धरला होता. बिचारी कौतुकानं विचारायला आली होती.

कॅन्टीनवरच्या भोंग्यातून, वसतिगृहावरच्या भोंग्यातून साहेबांचा आवाज साऱ्या आवारात गेला. पाय उचल म्हणालेलंसुद्धा सगळ्यांनी ऐकलं. पिवळ्या टी-शर्टांतल्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. मिसळीच्या टेबलापाशी सासूनं रश्श्यात बुडवलेला पाव तसाच धरून ठेवला. नवऱ्यानं मान खाली घातली.

साहेबांना आता तिथून निघायचं होतं, कसंही करून. त्यांनी डाव्या हाताच्या नखांनी गाठ उकरायला घेतली. फीत घामानं भिजून आवळली होती. एका हातानं ती सुटेना.

"सोडा," ते म्हणाले. "आधी हे सोडा तुम्ही."

कस्तुरानं उजवा हात वर केला. अंगठा आणि करंगळी, एवढंच होतं त्यावर. मिसळीच्या टेबलापर्यंत दिसेल इतका तिनं तो वर धरला.

"कशानं सोडू, साहेब?"