सातवी सही

ऑपरेशनआधी सहा सह्या लागायच्या. सिस्टर मात्र सात घ्यायच्या. 'उपचारांनी माझं पूर्ण समाधान झालं' हा घरी जातानाचा कागदही त्याच गठ्ठ्यात असायचा, पेन्सिलीच्या फुलीसकट. घरी जायच्या घाईत पेशंट कुठे हाती लागतात?

बाकीचे डोळे मिटून सह्या ठोकत. टेलरमास्तरांनी मात्र चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवून एकेक कागद वाचला आणि 'हे म्हणजे काय, ते कशाला' विचारून सिस्टरांचं डोकं उठवलं. सहा सह्या झाल्या. सातव्या कागदावर ते हसले.

"सिस्टर, अजून कापडाला कात्री लागली नाही आणि कपडा अंगाला छान बसला म्हणून लिहून घेताय? ही सही शुद्धीवर आल्यावर करतो."

टेलरमास्तर शुद्धीवर आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डरूमचा क्लार्क फाईल परत घेऊन आला. "सिस्टर, ह्यात एक सही कमी आहे."

सिस्टर त्याच्यामागच्या कपाटाकडे, तिथे रचलेल्या जुन्या फायलींकडे बघत राहिल्या.

"कमी नाही रे," त्या म्हणाल्या, "त्या सगळ्यांत एक जास्त आहे."