सवतीचा नांगर

बेटावर उतरताना ह्यांनी आपल्या शिडाच्या बोटीवरून हात फिरवला. "नीट राहा गं राणी, आलोच आम्ही." वाटेत मला उलट्यांनी बेजार केलं, तेव्हा मात्र "लिंबू चोख" एवढंच म्हणाले होते.

माडाच्या सावलीत आम्ही शहाळी पीत बसलो. ह्यांची समुद्राकडे पाठ होती, पण बोलणं सगळं तिच्याबद्दलच. तिचं शीड, तिचा रंग. "अशी चाल दुसऱ्या कुणाची नाही बघ!"

चाल मला समोरच दिसत होती. तिचा नांगर सुटला होता आणि बाईसाहेब ठुमकत ठुमकत खोल समुद्राकडे निघाल्या होत्या.

"एवढं काय बघतेस?" ह्यांनी विचारलं.

मी ह्यांचा हात हातात घेतला.

"काही नाही हो. आणखी एक शहाळं घ्या. सावकाश प्या."