टाकीत काय निघालं

मुलाने अप्पांच्या जुन्या स्कूटरला गिऱ्हाईक आणलं. अप्पांना ती विकायची नव्हती. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी पेट्रोलच्या टाकीत एक नट टाकला. टाकी खडखडली, गिऱ्हाईक बिचकलं. मुलाने बोलावलेल्या मेकॅनिकने दोरीला लोहचुंबक बांधून आत सोडलं. आधी नट आला. अप्पा साळसूदपणे आभाळ बघत होते. मग केसांचे तीन गंजलेले आकडे आले.

"अप्पा, हे तर आईचे!"

तिला जाऊन वर्ष झालं होतं. अप्पा पत्ते कुटायला निघाले की ती म्हणायची, "टाकी वाजतेय हो, आज घरीच बसा." आणि अप्पा बसायचे.

"लबाड कुठली! तरीच म्हटलं, मला ही अक्कल सुचली कुठून," अप्पा पुटपुटले.

"म्हणजे नट तुमचा?"

"नट माझा, आकडे तिचे. आता विकून दाखव."