येते म्हणावं

टॅक्सी खाली येऊन उभी होती आणि नेकेसाचा पासपोर्ट अजून सरोजिनीच्या हातात होता. सहा वर्षं तो कपाटात साड्यांखाली पडून होता. कामाच्या बाईचा पासपोर्ट असा ठेवून घ्यायचा नसतो, हे सरोजिनीला चांगलं ठाऊक होतं. पण ओळखीतले सगळेच ठेवायचे, म्हणून तिनेही ठेवला. त्याचं तिला कधी फारसं काही वाटलंही नाही.

नेकेसाची रजा दोन महिन्यांची होती. परत यायचं तिकीटसुद्धा सरोजिनीने स्वतः काढलं होतं आणि कुवेतमधल्या या अख्ख्या जहऱ्यात असं कोण करतं, हे हॉस्पिटलातल्या दोघीतिघींना ऐकवूनही झालं होतं. खरं म्हणजे ती धास्तावली होती. सासूबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या, नवरा मोरेश्वर पहाटेच मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत जायचा आणि हिची नर्सची ड्यूटी. नेकेसा नसेल तर हे घर चार दिवससुद्धा धड चालायचं नाही.

सासूबाईंना मराठीखेरीज काही येत नव्हतं, म्हणून केनियाची नेकेसा मराठी शिकली. तेही थेट चिपळूणचं. घरची लेक कौमुदी आजीला इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि नेकेसा ती आजीला मराठीत करून सांगायची, आता बोला!

तिकडे नेकेसाच्या गावात घरोघर एकदोन गाई होत्या, पण गरिबी काही हटत नव्हती. दूध दुपारपर्यंत नासायचं, त्यामुळे दलाल म्हणेल त्या भावाला ते द्यावं लागायचं. यंदा चाळीस बायकांनी मिळून दूध थंड ठेवायचं यंत्र घेऊन दूध केंद्र काढलं. नेकेसाची सहा वर्षांची कमाई त्यातच गेली, एवढं सरोजिनीला माहीत होतं. ते केंद्र चालवायला बायकांनी नेकेसालाच निवडलंय आणि एक तारखेला ती हजर नसली तर किल्ली दलालाच्या सुनेकडे जाणार, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नेकेसा आत जाऊन सासूबाईंच्या पाया पडली. मग बॅग उचलून दारात आली.

"ताई, मी जाते."

सरोजिनीला हसू आलं. एवढं अस्खलित बोलणारी ही बाई ऐन निघताना चुकली. "जाते काय गं, वेडे? येते म्हणावं," असं म्हणत तिने पासपोर्ट पुढे केला.

नेकेसाने तो घेतला नाही.

"आजींनी शिकवलंय मला. पण येते म्हटलं तर यावं लागतं, ताई. मी नाही येणार."

मग तिने केंद्राचं, एक तारखेचं, किल्लीचं सगळं सांगून टाकलं. सरोजिनीचा हात आपोआप मागे आला. असा संताप झाला तिचा! तिकीट काय, कौतुक काय, सगळं पाण्यात. पासपोर्ट परत साड्यांखाली सरकवला असता तर या बाईने काय केलं असतं? काही नाही. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.

पण मग तिच्या लक्षात आलं. हिला नुसतं येते म्हणून सुटता आलं असतं. म्हणायचं, पासपोर्ट घ्यायचा, विमानात बसायचं आणि फोन बंद करून टाकायचा. तशा गेलेल्या कितीतरी जणींच्या गोष्टी सरोजिनीने ऐकल्या होत्या. आपण तो शब्द सवयीने म्हणतो. चौदा वर्षांपूर्वी चिपळूणहून निघताना तीही आईला म्हणाली होती, दोन वर्षांत येते. आई वाट बघत गेली. आणि ही बाई, सगळं आयुष्य समोरच्याच्या मुठीत असताना, तेवढा एक शब्द खोटा म्हणायला तयार नव्हती.

आतून सासूबाईंनी हाक मारली. नेहमीसारखी नेकेसालाच.

सरोजिनीने नेकेसाचा हात धरला, त्यात पासपोर्ट ठेवला आणि निघणाऱ्या माणसाला दारात कुणी कधी म्हणत नाही, ते म्हणाली.

"जा."