खरखर काढलेली मैफल

दुकान कायमचं बंद करताना सीडीवाल्या काकांनी साठ वर्षांपूर्वीच्या एका जॅझ मैफलीची नवी आवृत्ती माझ्यासाठी राखून ठेवली होती. हीच मैफल मी चौथ्यांदा घेत होतो.

"आता खरखर औषधालाही सापडणार नाही," म्हणत ते खोकले. दोन कोरडे ठसके, मग शिट्टीसारखा श्वास.

घरी सीडी लावली. सॅक्सोफोन थांबताच श्रोत्यांत कुणीतरी खोकलं. दोन कोरडे ठसके...

"काका आलेत का हो?" बायकोने आतून विचारलं.

मी घाबरून पॉज दाबला. लगेच काकांचा फोन आला. "श्वास... अडकलाय रे."

माझं बोट प्लेवर गेलं आणि तिथेच थिजलं. जुन्या तिन्ही सीड्यांत खोकल्यानंतर, त्या खरखरीत, काहीतरी धाडकन पडतं. इतकी वर्षं मी त्याला ड्रम समजत होतो.