वजा चोपन्न

एकाच आठवड्यात तापाने बाळालाही आडवं केलं आणि अप्पांनाही. ताप उतरल्यावर सगळं घर वाटी-चमचा घेऊन बाळाच्या मागे लागलं. अप्पांनी अर्धं ताट सरकवलं, की सून म्हणायची, "नको असेल तर राहू द्या हं अप्पा, तेवढाच पोटाला आराम."

बाळ वजनकाट्यावर एकटं टिकत नसे, आजोबांच्या कडेवर मात्र गप्प बसे. म्हणून दर रविवारी अप्पाच त्याला घेऊन काट्यावर उभे राहायचे. पहिल्या दिवशी मोजलेलं अप्पांचं चोपन्न किलो वजा केलं, की उरलं ते बाळाचं. आधी साडेसात, मग सात, मग सहा. चौथ्या रविवारी पाच.

"दिवसभर भरवतेस तरी काय गं त्याला?" मुलगा बायकोवर डाफरला.

"अहो, वाटी चाटूनपुसून खातो! जातं कुठे तेच कळत नाही मला," ती रडकुंडीला आली.

दोघांनी बाळाला उचलून दवाखाना गाठला. तिथल्या काट्यावर ते साडेआठ किलो भरलं. डॉक्टरांनी घरची पद्धत विचारून घेतली आणि कागदावर हिशेब मांडला.

"बाळ ठणठणीत आहे हो. महिन्याभरात साडेतीन किलो घटलेत ते तुमचे अप्पा."

ऐकून दोघांच्या जिवात जीव आला.



पुढच्या रविवारपासून बाळाला घेऊन मुलगा स्वतःच काट्यावर उभा राहू लागला. अप्पांच्या आकड्याचा आता काही भरवसा राहिला नव्हता.