वीणा खाली ठेवायची नसते

"पासपोर्ट माह्यापाशी हाय. आता जाते कशी, पाहतोच," म्हणत गोकुळनं कुर्त्याच्या खिशावर थाप मारली.

गळ्यात वीणा घेऊन त्याचा बाप पुंजाजी सकाळपासून देऊळघाटच्या देवळात उभा होता. सप्ताहातली वीणा सात दिवस भुईला टेकत नाही; ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात. घेणारा येईस्तोवर वीणेकऱ्यानं जागा सोडायची नाही, घर पेटलं तरी नाही. गोकुळला हे लहानपणी बापानंच शिकवलं होतं.

कीर्तन आटोपून मंडळी मागच्या वाडीत पंगतीला गेली होती. देवळात दोघंच उरले.

गोकुळचं टाळकं सणकलं होतं. त्याची बायको काजल नर्स. कॅनडातल्या एका प्रांताला आपल्या खेड्यापाड्यांत नर्स हव्या होत्या. प्रांतानं तिचं नाव सुचवलं, आणि तिला तिथं कायमचं राहायची परवानगी मिळाली. नवरा म्हणून गोकुळचंही नाव तिच्या मागं लागलं. नेमकं तेच त्याला झोंबलं.

"गाव काय म्हनन? बायकोच्या पदराले धरून गेला! मी जात नायी अन् तिलेबी जाऊ देत नायी. चार दिवसांत तिकडं पोचाची मुदत संपते. मंग बस म्हना घरी. देवानंदलेबी सांगून देल्लं, जीप आनू नको."

"रातभर रडली ते."

"रडू द्या."

पुंजाजीच्या कपाळाची शीर तटतटून आली. वीणेची तार त्यानं अशी छेडली, की तुटते की काय. "माह्याच घरात असं निपजलं! बुवा इतक्या गोड गळ्यानं दया-क्षमा सांगून गेले, अन् मी नुसता जळून राह्यलो. वाटते, कानफटात द्यावी."

"द्या नं. तुमचंच आयकन ते."

बापानं लेकाकडं टक लावून पाहिलं. मग म्हणाला, "वीणा घे जरा. काजलसंगं बोलाचं हाय मले."

"आता कसं! चांगली सुनवा तिले."

रीतीप्रमाणे दोघं एकमेकांच्या पाया पडले, उराउरी भेटले. पुंजाजीनं लेकाला घट्ट आवळून धरलं. कितीतरी वर्षांनी. गोकुळचा सगळा राग विरघळला. काही झालं तरी बाप आपल्याच बाजूचा.

वीणा गळ्यात आली. पायरीवर पुंजाजी थांबला.

"घेनारा येईपर्यंत सोडजो नको हं."

"नायी सोडत, बाबा."

गोकुळ विठ्ठल विठ्ठल म्हणत डुलू लागला. मागं वाढप्यांची धांदल ऐकू येत होती. वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता.

तेवढ्यात हॉर्न वाजला.

देवानंदची जीप पाराला वळसा घालून देवळासमोरून निघाली. मागच्या सीटवर काजल, मांडीशी बॅग. पुढं ताठ बसलेला पुंजाजी. त्यानं देवळाकडं बघून हात जोडले, लेकाकडं पाहिलंही नाही.

"अरे, थांबवा बे कोनी!" गोकुळ ओरडला.

पंगतीत 'पुंडलिक वरदे'चा गजर उठला. त्यात त्याची हाक बुडून गेली. पाऊल उंबऱ्याशी जाऊन अडलं. वीणा छातीशी धरून त्यानं डाव्या हातानं खिसा चाचपला.

पासपोर्टच्या जागी बुक्क्याची पुडी होती.